विश्लेषण : मुलांच्या भीतीवर ‘राहू दे, नको जाऊस’ हा उपाय का चालत नाही? चिंताविकार कसा ओळखावा, कसा रोखावा?

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी स्पष्ट केले. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. त्यामुळे चर्चा साहजिकच कोचिंग क्लास, वसतिगृहे आणि प्रवेश परीक्षा यांभोवती फिरली. पण मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक असलेला चिंताविकार अकरावी-बारावीच्या कितीतरी आधी, अनेकदा प्राथमिक शाळेतच सुरू होतो. त्यावर चांगले उपचार आहेत. तरीही बहुतेक मुले त्या उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत. असे का होते?

साधी भीती आणि चिंताविकार यांत फरक काय?

भीती वाटणे हा वाढण्याचाच भाग आहे. आठ-नऊ महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाला पाहून रडते. तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधाराची, कुत्र्याची, कुकरच्या शिट्टीची भीती वाटते. शाळेत जायला लागल्यावर बाईंच्या रागावण्याची आणि किशोरवयात चारचौघांत हसे होण्याची भीती येते. वय वाढते तशी यातली बरीचशी भीती आपोआप मागे पडते.

भीती वयाशी विसंगत असेल, आठवडेच्या आठवडे टिकत असेल आणि तिच्यामुळे मुलाचे रोजचे जगणे अडत असेल, तर तिला विकार म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणे ही चिंता झाली. परीक्षा नसतानाही महिनोन्‌महिने झोप न लागणे, शाळा बुडणे, मित्रांच्या वाढदिवसाला जाणे बंद होणे हे तपासणीचे कारण आहे. त्यामुळे मुलाला काय वाटते एवढेच न विचारता, त्यामुळे त्याचे काय काय थांबले आहे, हेही तज्ज्ञ विचारतात.

या विकाराचे प्रकारही वेगवेगळे आहेत. काही मुलांना आई-वडिलांपासून दूर होताच त्यांचे काही बरेवाईट होईल असे वाटते. काहींना लोकांच्या नजरेची भीती असते. काहींना पावसापासून पैशांपर्यंत सगळ्याच गोष्टींची काळजी लागलेली असते. घरी अखंड बडबड करणारे एखादे मूल शाळेत वर्ष-वर्ष एक शब्दही बोलत नाही. तो हट्ट किंवा उद्धटपणा नसतो. ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ हाही चिंताविकाराचाच प्रकार आहे.

घरात तो ओळखू का येत नाही?

कारण लहान मूल ‘मला चिंता वाटते’ असे म्हणत नाही. ते ‘पोटात दुखतंय’ म्हणते. सोमवारी सकाळी पोटदुखी, मळमळ, डोकेदुखी आणि रविवारी सगळे ठीक, असे चक्र दिसले की घरचे आधी जंताचे औषध देतात, मग सोनोग्राफी करतात. कुठे दृष्टही काढली जाते. सगळे अहवाल नॉर्मल आले की ‘नाटकं करतोय’ हा शिक्का बसतो. प्रत्यक्षात ते दुखणे खोटे नसते. भीती वाटली की शरीर धोक्यासाठी सज्ज होते, छाती धडधडते, स्नायू ताठरतात, पोट बिघडते. मोठ्या माणसांच्या पोटातही गोळा येतोच.

काही मुलांमध्ये चिंता चिडचिडीच्या रूपात बाहेर येते. काही तोच प्रश्न वीस वेळा विचारतात. ‘तू मला घ्यायला नक्की येशील ना?’ याला कितीही वेळा होकार मिळाला तरी त्यांचे समाधान होत नाही. काही वही दहा वेळा खोडून पुन्हा लिहितात. आणि काही मुले अगदी शांत, आज्ञाधारक असतात. वर्गात त्रास देत नसल्याने शिक्षकांचे त्यांच्याकडे लक्षच जात नाही. दंगा करणारे मूल मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचते; घाबरलेले मूल मागच्या बाकावर बसून राहते.

किती मुलांना हा त्रास असतो?

बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. चिंताविकाराचे प्रमाण ३.६ टक्के होते. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात साधारण दोन मुले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले होते आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यात ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण असल्याचे सांगितले. समाजमाध्यमांवर हा आकडा ‘८१ टक्के मुलांना चिंताविकार’ अशा अर्थाने फिरवणे चुकीचे ठरेल. चिंता वाटणे आणि विकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करोनाकाळात मात्र जगभर परिस्थिती बिघडली. ‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दर पाचांपैकी एका मुलामध्ये चिंतेची लक्षणे चिंताजनक पातळीवर आढळली. साथीपूर्वीच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कृती दलाने ८ ते १८ वर्षांच्या सर्व मुलांची, लक्षणे नसली तरी, चिंतेसाठी चाचणी करावी अशी शिफारस केली. आठ वर्षांखालील मुलांसाठी पुरेसे पुरावे नसल्याने त्यांच्याबाबत शिफारस करण्यात आली नाही.

भीतीची गोष्ट टाळल्याने भीती वाढते ती कशी?

हा या विकाराचा गाभा आहे. समजा, चौथीतल्या एका मुलीला वर्गात उभे राहून धडा वाचायची भीती वाटते. मराठीच्या तासाला तिच्या पोटात दुखते. आई म्हणते, ‘राहू दे, आज नको जाऊस.’ पोटदुखी दहा मिनिटांत थांबते. त्या क्षणी सगळ्यांनाच हायसे वाटते. पण मुलीचा मेंदू यातून दोन धडे घेतो. पहिला, वाचन खरोखरच धोक्याचे होते. दुसरा, आपण वाचलो ते घरी राहिल्यामुळे. वाचताना एक-दोनदा अडखळलो तरी फारसे काही बिघडत नाही, हे अनुभवायची संधी मात्र हुकते. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. आधी मराठीचा तास, मग सोमवार, मग आठवडा. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण हेच सांगते.

घरचे नकळत या चक्राला हातभार लावतात. मुलाच्या वतीने दुकानदाराशी बोलणे, त्याच्यासाठी रात्रभर दिवा चालू ठेवणे, पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसू देणे, दर अर्ध्या तासाला फोन करून खुशाली कळवणे, हे सगळे मायेपोटीच होते. एकत्र कुटुंबात तर आई ठाम राहिली तरी आजी पाठीशी घालते आणि बाबा ओरडतात. मुलाला एकाच दिवशी तीन वेगळे संदेश मिळतात.

ओरडण्यानेही काही साधत नाही. ‘मुलगा असून घाबरतोस?’ म्हणत कुत्र्यासमोर ढकलणे किंवा पोहता न येणाऱ्याला विहिरीत टाकणे याने धैर्य येत नाही. भीतीत अपमानाची भर तेवढी पडते.

एक सावधगिरी मात्र महत्त्वाची आहे. कधी कधी भीती खरी असते. शाळेत मारहाण, छेडछाड, जातीवरून किंवा दिसण्यावरून चिडवणे, लैंगिक छळ यांपैकी काही घडत असेल, तर मुलाला धीट करणे हा उपाय नव्हे. आधी तो धोका दूर करायला हवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. त्यामुळे शाळेला जायला अचानक नकार देणाऱ्या मुलाची नीट चौकशी ही पहिली पायरी ठरते.

उपचारात नेमके काय करतात?

सर्वाधिक पुरावे असलेली पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, अर्थात सीबीटी. नुसते धीर देणे किंवा गप्पा मारणे असे तिचे स्वरूप नसते. साधारण १२ ते १६ सत्रांत मूल भीतीची शारीरिक लक्षणे ओळखायला शिकते, ‘सगळे हसतील’ यांसारखे विचार तपासून पाहायला शिकते आणि मग टाळलेल्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे जाते.

यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. त्यासाठी मुलाला सोबत घेऊन एक शिडी आखतात. वाचनाला घाबरणाऱ्या त्या मुलीसाठी ती अशी असू शकते: आधी घरी आजीला एक परिच्छेद वाचून दाखवायचा. मग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. मग मैत्रिणीसमोर, मग मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बाईंसमोर वाचायचे. मग तासाला जागेवर बसून दोन ओळी आणि शेवटी उभे राहून पूर्ण परिच्छेद. एका पायरीवरची भीती ओसरू लागली की पुढची. कौतुक न अडखळता वाचल्याचे नव्हे, प्रयत्न केल्याचे होते. भीती शून्यावर यावी ही अपेक्षा नसते. भीती वाटत असतानाही काम करता येते, हे मुलाला कळावे लागते.

या उपचाराची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर १२ आठवड्यांच्या उपचारानंतर सीबीटी घेतलेल्या सुमारे ६० टक्के, सरट्रालिन हे औषध घेतलेल्या ५५ टक्के, तर दोन्ही घेतलेल्या ८१ टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली. औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिलेल्या गटात हे प्रमाण २४ टक्के होते. मात्र याच मुलांपैकी अनेकांचा पुढे पाठपुरावा केला, तेव्हा सरासरी सहा वर्षांनी जवळपास निम्मेच जण विकारमुक्त होते. म्हणजे उपचार लागू पडतो, पण काहींना त्रास पुन्हा होऊ शकतो आणि तेव्हा पुन्हा मदत घ्यावी लागते.

मूल उपचाराला यायलाच तयार नसेल तर?

अशा वेळी पालकांसोबत काम करता येते. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेल्या ‘स्पेस’ या पद्धतीत थेरपिस्ट फक्त पालकांना भेटतात. पालक दोन गोष्टी शिकतात. एक म्हणजे मुलाचा त्रास मान्य करून त्याच्या क्षमतेवर विश्वास दाखवणे. ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू हे करू शकशील याची मला खात्री आहे,’ या एका वाक्यात दोन्ही येतात. दुसरी म्हणजे भीतीला खतपाणी घालणारी आपली एखादी सवय निवडून, मुलाला आधी सांगून, ती हळूहळू कमी करणे. उदाहरणार्थ, दिवसात दहा वेळा फोन करण्याऐवजी एकदाच करणे.

१२४ मुलांच्या कुटुंबांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत मुलांना थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी ठरली नाही. पालक चिंतेला कारणीभूत आहेत, असा याचा अर्थ नाही. चिंतेत आनुवंशिकता, मुलाचा मूळ स्वभाव आणि अनुभव या सगळ्यांचा वाटा असतो. पण रोजच्या वागण्यात बदल करणे पालकांच्या हातात असते.

औषधे कधी लागतात?

त्रास तीव्र असेल, सीबीटी उपलब्ध नसेल किंवा तिचा पुरेसा उपयोग होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ एसएसआरआय गटातील औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करायची नसतात. या गटातील औषधांमुळे काही मुलांमध्ये आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला होता. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे बारीक लक्ष ठेवणे आणि ठरल्याप्रमाणे तपासणीला जाणे आवश्यक असते. घरातल्या मोठ्यांची झोपेची किंवा ‘टेन्शनची’ गोळी मुलाला अर्धी करून देणे धोकादायक आहे.

चिंताविकार रोखता येतो का?

काही प्रमाणात येतो. पण सर्वांना सरसकट एकच डोस देऊन नव्हे. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेत माइंडफुलनेस शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा त्याचा मानसिक आरोग्याला अधिक फायदा दिसला नाही. सकाळच्या परिपाठात दहा मिनिटे डोळे मिटून बसवले की काम झाले, असे मानणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यायला हवे.

जास्त जोखीम असलेल्या मुलांवर लक्ष दिले, तर चित्र अधिक आशादायक आहे. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठात रॉन रॅपी यांच्या गटाने अतिशय बुजऱ्या, शाळापूर्व वयातील मुलांच्या पालकांसाठी अवघ्या सहा सत्रांचा कार्यक्रम घेतला. वर्षभराने त्या मुलांमध्ये चिंताविकार तुलनेने कमी आढळले. अमेरिकेत स्वतः चिंताविकार असलेल्या पालकांच्या १३६ कुटुंबांवर अभ्यास झाला. आठ आठवड्यांच्या कौटुंबिक प्रशिक्षणानंतर वर्षभरात ५ टक्के मुलांना चिंताविकार झाला. फक्त माहितीपत्रक मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. असे परिणाम काळानुसार ओसरू शकतात, त्यामुळे उजळणी लागते. तरीही सहा-आठ बैठका हा खर्च फार मोठा नाही.

शाळेत समुपदेशक आले की प्रश्न सुटेल?

न्यायालयाचे निर्देश महत्त्वाचे आहेत. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, विद्यार्थ्यांचा जाहीर पाणउतारा करू नये, असेही त्यांत म्हटले आहे. लातूर, पुणे, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या क्लासेसनाही ते लागू आहेत. १०० पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संपर्कव्यवस्था उभारावी, असे निर्देश आहेत. महाराष्ट्रातील हजारो जिल्हा परिषद शाळांचा पट २० हूनही कमी आहे. तिथे ही व्यवस्था कागदावर राहते की प्रत्यक्ष येते, हा कळीचा मुद्दा आहे.

तज्ज्ञांची टंचाई हे दुसरे आव्हान. देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. हे प्रमाण ०.७५ इतके आहे आणि बालमानसोपचारतज्ज्ञ तर त्याहून विरळ. तिसरे आव्हान मानसिकतेचे. ‘युनिसेफ’च्या २०२१ च्या अहवालानुसार मानसिक त्रासासाठी मदत घेणे चांगले, असे भारतातील १५ ते २४ वयोगटातील फक्त ४१ टक्के तरुणांना वाटत होते. २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती.

मार्ग भारतातच सापडू शकतो. गोव्यातील ‘संगत’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत एक प्रयोग केला. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांमुळे शाळेतील वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. हेच काम शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत मात्र फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास केवळ चिंताविकाराचा नव्हता. पण माध्यान्ह भोजनापासून निवडणुकीपर्यंतची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी टाकून भागणार नाही, एवढे त्यातून दिसते.

पालकांनी मदत कुठे मागावी?

पहिला थांबा बालरोगतज्ज्ञ. थायरॉइड, दमा, रक्ताची कमतरता, दृष्टिदोष यांसारखी शारीरिक कारणे तपासली जातात. ती नसतील तर मानसोपचार विभागाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागता येते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तसेच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत ही सेवा मिळते. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. खासगी समुपदेशकाकडे जाताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: प्रशिक्षण कुठे घेतले? आणि मुलाला भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेण्याचे काम तुम्ही करता का?

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मूल ‘मला जगायचं नाही’ असे म्हणत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा त्याने खाणे-पिणेच सोडले असेल, तर पुढच्या आठवड्यातील अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये.